पडला, की पाडला?

परवा सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पांढरी दाढी, रेशमी झब्बा, मागे कुठलीतरी चिनी बाग. आजोबा नुसता हात हलवतात आणि समोरचे चार दांडगे तरुण पालापाचोळ्यासारखे मागे उडतात. खाली आमच्या एका काकांनी लिहिलेलं, "वय वर्षे ८०. याला म्हणतात साधना. आपली पिढी मोबाइलमध्येच संपली." त्यावर वीस-पंचवीस नमस्कार आणि दोन पुष्पगुच्छ.

मी काही लिहिलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालून आजवर कोणाचं भलं झालंय? पण दिवसभर ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

डोक्यातून जाईना याचं कारण असं, की त्या उडणाऱ्या पोरांपैकी एक मी होतो. त्या व्हिडिओत नाही हो. पण तसाच उडायचो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सलूनमध्ये आरशाशेजारी ब्रूस लीचं पोस्टर असायचं तो काळ. आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कुंग फूचा क्लास भरायचा. सर माणूस म्हणून चांगले. कष्टाळू, पोरांना जीव लावणारे, फी थकली तरी कोणाला घरी न पाठवणारे. पायातली ताकद, अंगाचा लवचिकपणा, वेळेची शिस्त, हे जे काही थोडंफार माझ्यात आहे ते त्यांच्यामुळे. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

गॅदरिंगमध्ये आमचं प्रात्यक्षिक असायचं. शेवटचा आयटम ठरलेला. सर हातभर अंतरावरून तळहात पुढे करायचे आणि आम्ही तिघं मागच्या गादीवर जाऊन पडायचो. टाळ्या, शिट्ट्या, मुख्याध्यापकांच्या हस्ते नारळ.

आता हे नीट ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. आम्हाला "पडा" असं कोणीही, कधीही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सरांनी खरंच छातीवर हात टेकवून ढकललं आणि मी खरंच मागे गेलो. दुसऱ्यांदा हात टेकायच्या आधीच अंग मागे झुकलं. धक्का येणार हे माहीत असलं की झुकतंच. तिसऱ्यांदा हात निघाला तेव्हाच पाय सुटले. असं करत करत मधलं अंतर वीतभर झालं, मग हातभर. सर म्हणाले, शक्ती वाढतेय. आम्हालाही पटलं. आणि आम्हाला पटलेलं बघून त्यांना आणखी पटलं. यात खोटं कोण बोललं, सांगा बरं?

मग एक नवीन पोरगा आला. तालमीतला होता, वडील पैलवान. त्याला रांगेत उभं केलं. सरांनी तळहात पुढे केला. आम्ही दोघं गेलो गादीवर. हा खांबासारखा उभा. बिचारा ओशाळून म्हणाला, "सर, लागलं नाही. परत करता का?" सरांनी परत केलं. परत उभाच. सर शांतपणे म्हणाले, "याचं मन अजून बंद आहे." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचा आठवडाभर त्याला "बंद मन" म्हणून चिडवलं. दहा-बारा दिवसांनी तो यायचा थांबला.

त्याला सरांनी घालवलं नाही. आम्ही घालवलं. मला पुढे कधीतरी तो बाजारात दिसायचा, आणि मी दुसरीकडे बघायचो.

चीनमध्ये गेल्या आठ-दहा वर्षांत जे घडलं ते वाचताना मला तो पोरगा सारखा आठवतो. तिकडे तसाच एक जण उभा राहिला, फक्त तो गप्प बसणारा नव्हता.

२७ एप्रिल २०१७. छेंगदू शहर. शू श्याओदोंग नावाचा बीजिंगचा एमएमए प्रशिक्षक एका बाजूला, ताई चीचे 'मास्टर' वेई लेई दुसऱ्या बाजूला. शू काही जागतिक विजेता वगैरे नव्हे. चाळिशीला टेकलेला, आपण फार मोठा खेळाडू नाही हे स्वतःच सांगणारा माणूस. वेई लेई मात्र त्याआधी चिनी सरकारी टीव्हीवर झळकलेले. त्यांच्या तळहातावर कबुतर उभं, पण ते उडू शकत नाही. त्यांनी थाप मारलेलं कलिंगड वरून अख्खं आणि आतून लगदा. कबुतराचा हा प्रकार नवा नाही. पाखराला उडायला पायाखाली आधार लागतो, आणि पाखरू जोर देणार तेवढ्यात उस्ताद तळहात खाली घेतो, म्हणून ते उडू शकत नाही, अशी ताई चीमधली जुनी दंतकथा आहे. यांग घराण्यातल्या उस्तादांबद्दल ती चिमणीची म्हणून सांगतात. ऐकायला झकास.

लढत वीस सेकंदसुद्धा चालली नाही. वेई लेई हात पुढे धरून उभे राहिले, शू आत घुसला, ते खाली, शू वर, पंचानं ओढून बाजूला केलं. संपलं. व्हिडिओ अजूनही सापडतो, बघा.

आता पुढचं काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांनी कबुतर दाखवलं त्यांना कोणी फारसं विचारलं नाही. शूला सगळ्यांनी धरलं. चिनी वूशू संघटनेनं ही लढत युद्धकलेच्या नीतीविरुद्ध असल्याचं पत्रक काढलं. त्याचं सोशल मीडियावरचं खातं गायब झालं. एका शीतपेय उद्योगपतीनं त्याला हरवणाऱ्या ताई ची मास्टरला १ कोटी युआन देऊ केले. पुढे २०१९ मध्ये चेन श्याओवांग या चेन घराण्याच्या ज्येष्ठ उस्तादांची बदनामी केल्याबद्दल कोर्टानं त्याला भरपाई द्यायला आणि जाहीर माफी मागायला लावली. इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की खटला अपमानाच्या शब्दांवर होता, आणि शूची जीभ तिखट आहे हे त्याचे चाहतेही मान्य करतील. पण कोर्टाचा आदेश वेळेत पाळला नाही म्हणून त्याचं नाव काळ्या यादीत गेलं. विमानाचं तिकीट नाही, वेगवान रेल्वेचं तिकीट नाही. शिनजियांगमधल्या एका लढतीला तो साध्या गाड्यांनी दीड दिवस प्रवास करून गेला. ती लढत तो चेहरा रंगवून, वेगळ्या नावानं खेळला. एका मिनिटाच्या आत जिंकला.

म्हणजे बघा, तंत्र चालतं का, हा साधा प्रश्न. तो सोडून बाकी सगळ्याची चौकशी झाली. नीतिमत्ता, देशाची परंपरा, भाषा, हेतू. आमच्या मैदानावरचं "याचं मन बंद आहे" हेच वाक्य, फक्त देशपातळीवर.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खरी झुंज कोणती आणि ठरवून केलेली कोणती, हे ओळखायचं कसं?

आधी एक गैरसमज दूर करतो. ठरवून केलेलं म्हणजे खोटं, असं नाही. चिनी युद्धकलेत ठरवून खेळायचा एक अख्खा प्रकार आहे आणि तो उघडपणे तसाच आहे. एकट्यानं करायच्या हालचालींच्या मालिकेला ताओलू म्हणतात. दोघा-तिघांनी मिळून, भाला विरुद्ध तलवार वगैरे, आधी बसवून केलेल्या झुंजीला दुईलिएन. वूशूच्या स्पर्धांत त्याला गुण मिळतात, पदकं मिळतात. महिनोन्‌महिने सराव लागतो, कारण भाल्याचं टोक चेहऱ्याजवळून जातं आणि वेळ एवढीशी चुकली तरी डोळा जाऊ शकतो. जेट ली याच पठडीतला, लहानपणीच वूशूत राष्ट्रीय विजेता झालेला, आणि १९८२ च्या 'शाओलिन टेम्पल'नं तो घराघरात पोचला. यात फसवणूक कुठेही नाही. तमाशाच्या वगात राजा मेला म्हणून कोणी पोलीस चौकीत जात नाही. गंमत म्हणजे आजच्या चिनी बोलीत 'ताओलू' या शब्दाला 'आधी रचून ठेवलेली चलाखी' असाही अर्थ चिकटलाय. लोकांना कळतं सगळं.

दुसरा प्रकार तुईशोऊ, म्हणजे हाताला हात लावून एकमेकांचा तोल चाचपायचा सराव. ताई चीचा हा गाभा. चांगला, खरा, उपयोगी सराव आहे. पण तो सराव आहे. नेटवर पैलवान पडताना एका पायावर उभं राहून तोल साधतो, म्हणून ती कुस्ती होत नाही.

आणि तिसरा प्रकार सांडा. हातमोजे, लाथा, ठोसे, उचलून आपटणं, समोरचा पूर्ण विरोध करणारा. चीननं १९७९ पासून प्रयोग करत करत या खेळाला आधुनिक नियम दिले. इथे कोणी कोणासाठी पडत नाही.

घोटाळा होतो तो पहिला किंवा दुसरा प्रकार तिसरा म्हणून खपवला जातो तेव्हा. आणि हे काही आजचं नाही. सोळाव्या शतकात, मिंग राजवटीत, ची जीग्वांग नावाच्या सेनापतीनं किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढण्यासाठी गावाकडचे लोक भरती करून फौज उभी केली. कवायतीवर त्यानं जे लिहून ठेवलंय त्यात दिसायला देखण्या, फुलापानांच्या हालचालींवर त्याचा राग स्पष्ट आहे. बघणाऱ्याला आवडतं ते शिपायाला रणात उपयोगी पडत नाही, हे त्याचं म्हणणं. तरीही त्यानं आपल्या ग्रंथात नि:शस्त्र मुष्टियुद्धाला जागा दिली, कारण त्यानं अंग तयार होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कळल्या होत्या. चिनी भाषेत 'फुलांच्या मुठी आणि कशिद्याचे पाय' अशा अर्थाचा वाक्प्रचारच आहे, दिखाऊ युद्धकलेसाठी. तेव्हा "परंपरेवर शंका घेणं ही परदेशी खोड आहे" हे कोणी सांगू नये. शंका ही त्याच परंपरेतली आहे.

खरी लढत दिसते कशी, ते बघायचं असेल तर एक जुनी फिल्म शोधा. १७ जानेवारी १९५४, मकाव. वू घराण्याच्या ताई चीचे प्रमुख वू गोंगयी, वय पन्नाशी ओलांडलेलं, आणि पांढऱ्या करकोच्याच्या शैलीचे चान हाक-फू, वयानं बरेच लहान. हाँगकाँगमधल्या भीषण आगीत बेघर झालेल्यांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम. आधी वर्तमानपत्रांतून भरपूर खडाजंगी, मग रिंगमध्ये आमनेसामने. दोघंही नावाजलेले, दोघांचेही शेकडो शिष्य.

आणि दिसतं काय? दोन माणसं सावधपणे फिरतायत. एकदम धावून जातात, हात गरागरा फिरतात, अर्ध्याहून जास्त फटके हवेत. कोणाची ती सुप्रसिद्ध मुद्रा जागेवर राहत नाही. नाकातोंडातून रक्त येतं. दुसऱ्या फेरीत लढत थांबवली जाते आणि निकाल काय, तर ना विजय, ना पराभव, ना बरोबरी! असा निकाल फक्त ज्याला सगळ्यांशी संबंध टिकवायचेत तोच देऊ शकतो. आपल्याकडच्या पंचायतीत शोभला असता.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. शाळेच्या मधल्या सुट्टीतली मारामारी बरी, असं वाटलं. आज तसं वाटत नाही. त्या दोघांनी जे केलं ते शेकडो 'मास्टर' आयुष्यभर टाळतात. आपलं नाव, घराणं, वय, सगळं पणाला लावून ते अशा माणसासमोर उभे राहिले जो त्यांचा शिष्य नव्हता. कुरूप दिसले, कारण खरं होतं. (या लढतीनं मिळालेल्या प्रसिद्धीवर स्वार होत अवघ्या तीन दिवसांत हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्रानं लिआंग यूशेंग यांची कादंबरी क्रमशः सुरू केली, आणि चिनी वीरकथांचं नवं युग तिथून सुरू झालं असं मानतात. रिंगमधल्या धडपडीतून कागदावरचे उडणारे वीर जन्मले. असो.)

तर ओळखायचं कसं? मास्टरकडे बघूच नका. तो बघण्यासाठीच उभा असतो. समोरच्याकडे बघा.

तो ठोसा मारतो आणि मग हात तसाच हवेत ठेवतो, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा. मास्टर निवांत त्या हाताखालून जातो, कोपर पकडतो, समजावून सांगतो, पाडतो. खरा मारणारा हात परत ओढतो, आणि तोवर दुसरा हात निघालेला असतो. एकच ठोसा मारून थांबणारा गुंड मी तरी अजून पाहिलेला नाही. मग अंतर बघा. बऱ्याच व्हिडिओंत तो ठोसा तसाही पोचलाच नसता, वीतभर अलीकडेच थांबणार होता.

मग पाय बघा. एसटीत उभे असताना ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला तर तुम्ही काय करता? हात आपोआप दांड्याकडे जातो, दांडा नसेल तर शेजाऱ्याच्या खांद्याकडे. पाय वेडेवाकडे पडतात. तोल गेलेला माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि ढकलणारा सगळ्यात जवळ असतो, म्हणून आधी त्यालाच धरतो. आता तो आजोबांचा व्हिडिओ परत बघा. चारही तरुण दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारत मागे जातात, आणि एकाचाही हात त्या रेशमी झब्ब्याकडे जात नाही. मी असाच जायचो. झब्बा धरायचा नाही हेही आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

चुका बघा. खऱ्या झुंजीत निम्मं फुकट जातं. हुकतं, घसरतं, दोघं एकमेकांना मिठी मारून लोंबकळतात, धाप लागते. ज्या झुंजीत प्रत्येक डाव लागतो, ती झुंज बसवलेली आहे असं खुशाल समजा.

आणखी एक नेहमीचा प्रयोग. दहा जण आगगाडीसारखे एकामागे एक उभे राहून ढकलतायत, मास्टर जागचा हलत नाही. वाटतं, दहा माणसांचा जोर पेलला! पण रांगेतला प्रत्येक जण मागून येणारा जोर स्वतःच्या अंगानं खात असतो. मास्टरपर्यंत येतो तो पहिल्या माणसाच्या हातातून जाईल तेवढाच. त्या एकाची कोपरं थोडी वर उचलली की तोही जोर वाया. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली एक किशोरवयीन मुलगी असेच प्रयोग करून थिएटरं भरवायची. त्यासाठी ताई ची लागत नाही.

पण ही सगळी चिन्हं शेवटी चुकू शकतात, चांगला नट ती लपवू शकतो. मी स्वतः एकच प्रश्न विचारतो. समोरच्याला न पडण्याची मुभा होती का? तो पडला नसता तर त्याचं काय झालं असतं? त्याचा क्लास सुटला असता, सरांची मर्जी गेली असती, मित्र हसले असते, पुढचा बेल्ट लांबला असता? यातलं एक जरी 'हो' असेल, तर तो पडला हे आपल्याला दिसलं. पाडला का, ते अजून कळलेलं नाही. निवडणुकीतली नुरा कुस्ती लांबून ओळखणारे आपण लोक, रेशमी झब्बा दिसला की हा प्रश्न विसरतो.

आणि म्हणूनच मला मास्टर लोकांपेक्षा शिष्यांचा प्रश्न मोठा वाटतो. मा बाओगुओ आठवतात? १७ मे २०२०, शानदोंग प्रांतातलं झीबो. एकोणसत्तर वर्षांचे मा, समोर पन्नाशीचा हौशी खेळाडू. तीस सेकंदांत तीनदा खाली, तिसऱ्यांदा बेशुद्ध. नंतर त्यांचे व्हिडिओ चीनभर विनोदासाठी फिरले. "हल्लीच्या तरुणांना युद्धकलेची नीती राहिली नाही" अशा अर्थाचं त्यांचं वाक्य पोराटोरांच्या तोंडी बसलं. शेवटी नोव्हेंबरमध्ये 'पीपल्स डेली'ला हा तमाशा थांबवा म्हणून लिहावं लागलं.

मला तो व्हिडिओ बघवत नाही. लोक म्हणतात, ढोंग्याची जिरली. ढोंगी माणूस रिंगमध्ये येईल कशाला? तो काहीतरी कारण काढून घरी बसेल. जो म्हातारा खरोखर समोर येऊन उभा राहतो, त्याला आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटत असतं. ते त्याला कोणी वाटायला लावलं? वर्षानुवर्षं त्याच्यासमोर प्रेमानं, आदरानं पडणाऱ्यांनी. जपानमध्ये २००६ साली असाच एक हात न लावता पाडणारा उस्ताद पैज लावून रिंगमध्ये उतरला आणि नाकातोंडातून रक्त काढून घेऊन बसला. मार खाल्ल्यावरचा त्याचा चेहरा बघा. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा तो चेहरा नाही, गोंधळलेल्या माणसाचा आहे. शिष्यांनी गुरूला एवढं मोठं खोटं दिलं, आणि दक्षिणा समजून दिलं.

आमचे सर कधी रिंगमध्ये गेले नाहीत, हे त्यांचं नशीब. आमचंही.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणजे चिनी युद्धकला सगळी बोगस का? अजिबात नाही. झांग वेईलीनं ३१ ऑगस्ट २०१९ ला शेनझेनमध्ये ४२ सेकंदांत यूएफसीचा किताब जिंकला, तिची सुरुवात सांडातून झाली. चीनची स्वतःची अंगरखा घालून खेळायची कुस्ती आहे, श्वाईज्याओ. तिच्यात हात न लावता उडवणारे उस्ताद निपजल्याचं ऐकलंय कधी? आपल्या तालमीत तरी? वस्तादानं लांबून हात फिरवला आणि पठ्ठा चितपट, असं कोणी हौद्यात करून दाखवलं तर पोरं हसून मरतील. तिथे रोज संध्याकाळी कोणीतरी मनापासून न पडण्याचा प्रयत्न करत असतं. एवढाच फरक आहे. आणि आपल्या मणिपूरची रोशिबिना देवी. २०१८ च्या आशियाई खेळांत कांस्य आणि २०२३ मध्ये थेट चीनमध्ये, हांगचौला, सांडाचं रौप्य. त्या मुलीला कोणी आदरानं पडून पदक दिलेलं नाही.

खुद्द चिनी वूशू संघटनेनंही जुलै २०२० मध्ये आवाहन काढून स्वतःला 'मास्टर', 'गादीचे वारस' वगैरे म्हणवू नका असं सांगितलं. त्याच कागदात परस्पर ठरवून होणाऱ्या लढतींवरही बोट ठेवलं. पदव्या लावू नका हे ठीकच. पण परीक्षाही घेऊ नका म्हटलं तर लोकांनी ओळखायचं कशावरून? एक दार बंद केलंत तर दुसरं उघडा ना. नियम, डॉक्टर, हातमोजे, वजनगट, सगळं घालून उघडा.

"तिकडच्या भानगडी, आपल्याला काय त्याचं?" असंही कोणी म्हणेल. मलाही तसंच वाटलं असतं, पण गेल्या महिन्यात भाचीच्या शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं एक दिवसाचं शिबिर होतं. पालकांना बोलावलेलं, ताईला जमलं नाही म्हणून मी गेलो. शिकवणारा तरुण मुलगा, कुंग फू आणि कराटे दोन्ही शिकलेला. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं कसं झटकायचं ते त्यानं नीट दाखवलं. तंत्र बरोबर होतं. मग मुलींच्या जोड्या केल्या. एकीनं धरायचं, दुसरीनं सोडवायचं. सगळ्यांचं सुटलं. पहिल्या झटक्यात! पालक टाळ्या वाजवतायत, मुली खुशीत.

मी बघत होतो धरणाऱ्या मुलींच्या बोटांकडे. झटका यायच्या आधीच ती उघडत होती. मैत्रिणीसाठी.

पोटात गोळा आला. यातली एखादी मुलगी उद्या रिक्षा स्टँडवर, अंधारात, हे सुटतं अशा खात्रीनं उभी राहणार. मी त्या मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, "सर, एकदा त्यांना सांगाल का, की सोडायचं नाही म्हणून?" मला वाटलं रागावेल. तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. मीच टाळत होतो. नाही सुटलं तर मुली खचतात हो."

त्यानं सांगितलं. आणि बहुतेक मुलींचं सुटलं नाही. दोघी-तिघी रडकुंडीला आल्या. मागे एक आई म्हणाली, कशाला घाबरवताय पोरींना. पण मग त्यानं खरं शिकवायला सुरुवात केली. नाही सुटलं तर पुढे काय. ओरडायचं कसं, पायावर टाच कशी मारायची, कोपर कुठे, दुसरा हात कुठे, आणि सुटलं की थांबायचं नाही, पळायचं. परत जोड्या, परत "सोडू नका". दहातल्या तिघींचं सुटायला लागलं, मग पाचेकींचं. दोन तासांचं शिबिर साडेतीन तास चाललं, शिपाईमामा किल्ल्या वाजवत उभे होते.

भाचीचं शेवटपर्यंत तीनदाच सुटलं. दोन्ही मनगटांवर लाल वळ घेऊन घरी गेली. रात्री ताईनं फोन करून मला भरपूर झापलं.